साउंड कार्डात रेडिओ कसा शिरला

पुण्यात एफएमवर १०१ मेगाहर्ट्झला विविध भारती लागते. रेडिओ पकडणारा बोटाएवढा यूएसबी डोंगल लिनक्सच्या मशीनला लावून ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअरवर तेच स्टेशन ऐकायला बसलं की पहिल्या दिवशी बहुतेकांना दोन अडचणी येतात. आधी डोंगल ‘बिझी’ असल्याचा एरर येतो. तो सुटला, तर आवाज तुटायला लागतो आणि टर्मिनलवर ‘एयू एयू एयू’ अशी अक्षरांची माळ सुरू होते. नव्या माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. या अडचणी त्याच्या नाहीत, त्या इतिहासातून आलेल्या आहेत.

‘सॉफ्टवेअर रेडिओ’ हा शब्द १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ मिटोला यांनी रूढ केला. सर्किटानं करायचं काम गणितावर सोपवायचं, ही कल्पना. हौशी रेडिओवाल्यांपर्यंत ती पोचली साउंड कार्डामुळे, म्हणजे संगणकात आवाज आत-बाहेर नेणाऱ्या भागामुळे. गेराल्ड यंगब्लड यांनी २००२ पासून लेखमाला लिहून दाखवलं, की आपल्या पीसीतलं कार्डच रिसीव्हरचा अर्धा भाग होऊ शकतं.

यातली मेख स्टिरिओत आहे. छोटं सर्किट एकाच सिग्नलच्या दोन प्रती काढतं, एकमेकींपासून ९० अंशांनी सरकलेल्या. एक डाव्या चॅनेलवर जाते, दुसरी उजव्या. ४८ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला सिग्नलची ४८ हजार मापं (नमुने) घेणारं कार्ड असेल तर मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना २४-२४ किलोहर्ट्झचा पट्टा एकदम दिसतो. पण एकच चॅनेल पोचला, तर गणिताला डावं-उजवं कळत नाही आणि प्रत्येक स्टेशन मधल्या रेषेच्या पलीकडे आरशातल्यासारखं पुन्हा उमटतं. लॅपटॉपच्या एकत्रित जॅकमधला माइक मोनोच असतो, स्वस्त यूएसबी कार्डांचाही बहुधा तसाच. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, केबल घेताना पिनेवर दोन काळ्या रिंगा आहेत का ते बघावं, आणि कार्ड घेताना त्याला खरं लाइन-इन आहे का ते विचारावं.

लिनक्सच्या बाजूला मात्र थरावर थर चढत गेले. १९९२ मध्ये हन्नू साव्होलाइनेन यांच्या ड्रायव्हरपासून ओएसएस या लिनक्सच्या पहिल्या आवाज-व्यवस्थेची सुरुवात झाली. यारोस्लाव्ह किसेला यांचं अल्सा पुढे आलं आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मुख्य झालं. अनेक प्रोग्रॅमना एकाच वेळी आवाज हवा म्हणून त्यावर पल्सऑडिओ, आणि अलीकडे पाइपवायर. गाणी ऐकणाऱ्याची यात सोयच झाली. रेडिओवाल्याला मात्र मधला थर सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) परस्पर बदलतो हे महागात पडतं, कारण ९६ किलोहर्ट्झचा पट्टा निम्म्यावर येतो आणि कुणी सांगतही नाही. रेडिओसाठीचं कार्ड थेट अल्सातून उघडावं, असं माझं ठाम मत आहे.

डोंगलची गोष्ट २०१२ ची. टीव्हीसाठी बनलेली रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप एफएम ऐकताना कच्चे नमुनेच संगणकाकडे पाठवते, हे आंटी पालोसारी यांच्या लक्षात आलं. ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी त्यावरून आरटीएल-एसडीआर हे डोंगलचा रेडिओ करणारं सॉफ्टवेअर उभं केलं. कर्नलमधला याच चिपचा टीव्ही ड्रायव्हर लिहिण्यातही पालोसारीच होते! डोंगल लावताच तो ड्रायव्हर त्याला टीव्ही समजून ताब्यात घेतो. ‘बिझी’ येतं ते यामुळे, आणि तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला, म्हणजे आपोआप सुरू होऊ दिला नाही, की सुटतं.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल, तर पुण्याहून नारायणगावच्या दिशेनं सुमारे ८० किलोमीटरवर खोडदला जाऊन या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश तिथे आणि आसपास पसरलेल्या आहेत. त्यांचे सिग्नल एकत्र करण्याचं, आधी खास सर्किटांकडे असलेलं काम २०१० च्या सुमारास लिनक्सच्या संगणकसमूहावर सॉफ्टवेअरनं होऊ लागलं. मला याचा फार अभिमान वाटतो.

राहिली ‘एयू’ची माळ. ऑडिओ अंडररन, म्हणजे साउंड कार्डाला वेळेत नमुने मिळाले नाहीत. डोंगलचा क्रिस्टल (वेळ मोजणारा भाग) वेगळा, कार्डाचा वेगळा, आणि दोन घड्याळं तंतोतंत कधीच जुळत नाहीत. त्यामुळे मधूनच एखादा ‘एयू’ येऊ शकतो. सतत येत असेल तर मशीन कमी पडतंय, किंवा गणित तपासा: सेकंदाला २४ लाख नमुने, भागिले १०, भागिले ५, उरले ४८ हजार. कार्डालाही ४८ हजारच सांगितलेलं असायला हवं. त्याहून जास्त सांगितलेलं असलं, तर नमुने कमीच पडत राहतात.