उत्सवासाठी प्रवास : मुख्य दिवसाच्या आधी पोहोचा

"दसऱ्याला म्हैसूर बघायचंय, सकाळी पोचून रात्री निघालो तर चालेल ना?" गणपती उठले की आमच्याकडे असे फोन सुरू होतात. आम्ही आधी एवढंच सांगतो, की जमत असेल तर आणखी दोन दिवस रजा काढा. मुख्य दिवशी बाहेरगावच्या माणसाच्या वाट्याला दर्शनापेक्षा गर्दी जास्त येते. उत्सव उलगडतो तो आदल्या दोन-तीन दिवसांत, आणि काही ठिकाणी नंतरच्या दिवसांतही. आमच्या सहली त्याच हिशेबाने आखलेल्या असतात. कुठे किती दिवस आणि का, ते ठरवण्याआधी तुम्हाला माहीत असावं म्हणून हे पत्रक.

म्हैसूरपासूनच सुरुवात करू. विजयादशमीला राजवाड्यातून जंबो सवारी निघते. सुमारे साडेसातशे किलोची, सोन्याने मढवलेली अंबारी, तीत चामुंडेश्वरीची मूर्ती, आणि बन्नीमंटपापर्यंत साधारण पाच किलोमीटरची वाट. पास नसेल तर लोक रस्त्याच्या कडेला सकाळपासून जागा धरून बसतात. पण हे हत्ती काही आठवडे आधीच जंगलातल्या तळांवरून शहरात आलेले असतात आणि याच रस्त्यावर त्यांचा सराव चालतो. पाठीवर आधी वाळूच्या गोण्या, मग लाकडी अंबारी, असं वजन हळूहळू वाढवत नेतात. बरोबर लहान मुलं असतील तर ही सरावाची फेरी चुकवू नका. मिरवणुकीत हत्ती लांबून दिसतो, इथे त्याचा माहूतही दिसतो. संध्याकाळी राजवाड्यावर जवळपास एक लाख दिवे एकदम लागतात. नवरात्रातल्या कुठल्याही संध्याकाळी ते निवांत बघता येतात.

कोलकात्याला मात्र आम्ही पाच रात्रींपेक्षा कमी मुक्काम सुचवत नाही. तिथल्या दुर्गापूजेला २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हापासून चौकशी वाढली आहे. चतुर्थी-पंचमीलाच बरेच मंडप खुले झालेले असतात. त्या दोन रात्रींत बागबाजार, कॉलेज स्क्वेअर, दक्षिण कोलकात्यातले मोठे मंडप पायी आणि मेट्रोने बघून घ्यावेत. सप्तमीला पहाटे गंगेवर जावं. केळीचं रोप नदीत न्हाऊ घालतात, त्याला लाल काठाची पांढरी साडी नेसवतात आणि वाजतगाजत आणून गणपतीच्या शेजारी उभं करतात. ही कोला बोउ. मंडपात डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली ती पाहिली की आपल्या घरच्या गौरी हटकून आठवतात.

सगळ्यांत महत्त्वाची वेळ संधिपूजेची. अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४ मिनिटं, एवढाच तिचा काळ. तो भर दुपारी येऊ शकतो, मध्यरात्रीही येऊ शकतो. १०८ कमळं वाहिली जातात, १०८ दिवे लावले जातात आणि ढाक, म्हणजे तिकडचे मोठे ढोल, वाजायला लागतात. हे मोठ्या मंडपापेक्षा जुन्या घराण्याच्या वाड्यात बघावं. शोभाबाजार राजबाडीची पूजा १७५७ पासून चालत आली आहे. तिथल्या ठाकूरदालानात उभं राहिलं की धुपाचा धूर आणि ढाकाचा ठेका यांतून समोरची मूर्ती क्षणभर दिसेनाशी होते. त्या घटकेसाठी आम्ही त्या दिवशीचं बाकी सगळं स्थलदर्शन रद्द ठेवतो, आणि यावर आमच्याशी घासाघीस करू नये ही विनंती.

एक गोष्ट आधी सांगितलेली बरी. आपल्याकडे नवरात्र म्हणजे उपास. बंगालात पूजेचे दिवस म्हणजे घरोघरी आणि हॉटेलांत मासे आणि मटण. तो त्यांच्या सणाचाच भाग आहे, त्यात विटाळ मानू नये. शाकाहारी मंडळींसाठी अष्टमीचा भोग असतो, खिचडी, मिसळीची भाजी, टोमॅटोची गोड चटणी. तो पंगतीत बसून जरूर घ्या. नऊ दिवसांचा कडक उपास असेल तर साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याचं कूट घरून बरोबर घ्या.

पुरीला कधी जायचं यावर आमचं मत थोडं वेगळं आहे. आषाढ शुद्ध द्वितीयेला जगन्नाथ मंदिरातून गुंडिचा मंदिराकडे रथ निघतात. जगन्नाथाचा नंदिघोष सोळा चाकांचा, बलभद्राचा तालध्वज चौदा, सुभद्रेचा दर्पदलन बारा. पुरीचे राजे, गजपती महाराज, सोन्याच्या झाडूने रथ झाडतात, मग दोर ओढले जातात. ते प्रत्यक्ष बघावं असं कुणालाही वाटेल, आणि तरुण मंडळींनी जरूर जावं. पण गुडघे दुखत असतील, दमा असेल, बरोबर लहान मूल असेल, तर द्वितीयेला बडा दांडावर, म्हणजे रथांच्या मुख्य रस्त्यावर, उतरू नका. रस्त्यावर नजर असलेल्या गच्चीची जागा घेऊन बघा, नाहीतर परतीच्या रथयात्रेला या. दशमीला देव गुंडिचा मंदिरातून परततात आणि एकादशीला जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोर रथांवरच सोन्याच्या दागिन्यांनी मढतात, तो सुना बेश. आपली वारी पंढरपुरात असते तोच हा दिवस. ज्यांची वारी दर वर्षीची आहे त्यांना आम्ही हा मुहूर्त सुचवत नाही. पंढरी सोडून पुरी करा असं कुणाला सांगायचं? मधल्या पंचमीला लक्ष्मी रुसून गुंडिचा मंदिरापर्यंत येते आणि परत जाताना नंदिघोषाचा एक तुकडा मोडते. ही हेरा पंचमी फारशी कुणाला ठाऊक नसते.

पुरीच्या मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश आहे. तुमच्याबरोबर परदेशी किंवा अन्य धर्माचे मित्र असतील तर रथयात्रेचे दिवस त्यांच्यासाठी उत्तम, कारण तेव्हा देव स्वतः रस्त्यावर असतात.

काशीच्या देवदिवाळीबद्दल दर वर्षी घोटाळा होतो. आपल्या कॅलेंडरात देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असते. काशीची देवदिवाळी कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला, जवळजवळ पंधरा दिवस आधी. तिकीट काढण्यापूर्वी तारीख आमच्याकडून पक्की करून घ्या. त्या संध्याकाळी नाव मिळणं कठीण आणि महाग, म्हणून आमच्या नावा आधी ठरलेल्या असतात. तरीही आम्ही प्रवाशांना दुपारी तीनलाच घाटावर नेतो. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर पोरंसोरं ओळीने पणत्या मांडत असतात, कुणी वाती वळतं, कुणी बुधल्यातून तेल ओतत जातं. विचारलंत तर तुमच्याही हातात बुधला देतील. याच घाटावर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला हजारा दीपस्तंभ आहे. अंधार पडल्यावर तो पेटतो, तेव्हा शक्य तो घाटावरच असा आणि नावेत नंतर बसा.

मथुरेजवळच्या बरसान्याची लठमार होळी, जिच्यात बायका पुरुषांना लाठ्यांनी मारतात, फाल्गुन शुद्ध नवमीला असते, दुसऱ्या दिवशी नंदगावची. रंगपंचमीच्या अंदाजाने तिकिटं काढाल तर सगळं उरकलेलं असेल. गल्ल्या अरुंद, रेटारेटी भरपूर. महिलांनी गटाबरोबरच राहावं. आमच्या गटाबरोबर एक स्थानिक बाई कायम असतात. हृदयविकार असलेल्यांना आम्ही इथे नेत नाही.

ज्यांना दसऱ्याला घर सोडता येत नाही त्यांनी हिमाचलातल्या कुल्लूचा विचार करावा. बाकी देशाचा दसरा संपतो तेव्हा तिथला सुरू होतो. विजयादशमीपासून सात दिवस ढालपूर मैदानावर रघुनाथजींच्या दरबारी खेड्यापाड्यांतल्या देवता पालख्यांतून येतात. घरचं सोनं लुटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी निघालात तरी निम्म्याहून जास्त उत्सव मिळतो. गरम कपडे लागतील.

तारखा आणि आरक्षण

सण तिथीने येतात, त्यामुळे मागच्या वर्षीची तारीख धरून रजा टाकू नका. दसरा २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक महिना आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला आहे. शिवाय उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. आपली श्रावण वद्य अष्टमी मथुरेच्या पंचांगात भाद्रपदातली असते, दिवस तोच. बंगाली पंजिकेत, म्हणजे तिकडच्या पंचांगात, एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. म्हणून आम्ही त्या त्या गावच्या देवस्थानाने जाहीर केलेली तारीखच धरतो.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या फक्त ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस होतं. सणाच्या गाड्या उघडल्या दिवशीच भरतात. त्यामुळे नावं, वयं आणि ओळखपत्रं आम्हाला त्याच्या आठवडाभर आधी हवीत. राहण्याच्या खोल्या आम्ही त्याहून बरंच आधी धरतो. ऐन वेळी रद्द केलेली सणाची खोली आम्हालाही परत विकता येत नाही, म्हणून त्या रकमेचा परतावा मिळत नाही.

गर्दीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. रोज निघण्यापूर्वी आमचा माणूस भेटीची एक जागा ठरवून देतो, ती नीट लक्षात ठेवा. मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या खिशात हॉटेलचं नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी असू द्या. चपला ठेवायला कापडी पिशवी घ्या. दागिने घरी ठेवा. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या आणि त्या सामानात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवा.

चौकशीला याल तेव्हा किती दिवसांची रजा आहे, सोबत कोण कोण आहे, जिने किती चढवतात, खाण्यात काय चालत नाही, हे मोकळेपणाने सांगा. आई-वडील बरोबर असतील तर शक्यतो त्यांनाही घेऊन या. त्यांना कुठला उत्सव बघायचाय हे त्यांच्याच तोंडून ऐकलं की सहल आखायला सोपं जातं.