बायोडीझेल धुवायचं कशानं?

बायोडीझेल करणं तसं फार अवघड नाही. तेलात मिथेनॉल आणि थोडं कॉस्टिक पोटॅश घालून साधारण 60 अंश सेल्सियसला ढवळत ठेवलं, की तेलाचे रेणू फुटून त्यांचे एस्टर होतात, म्हणजेच बायोडीझेल, आणि ग्लिसरीन सुटतं. ढवळणं थांबवलं की दोन थर दिसतात. वर बायोडीझेल, तळाला काळपट ग्लिसरीन. शंभर किलो तेलामागे सुमारे दहा किलो. वरचा थर दिसतो नितळ, पण त्यात ग्लिसरीनचा अंश, साबण, मिथेनॉल आणि पोटॅश उरलेलं असतं. तो धुवावा लागतो, आणि पर्यावरणाचं म्हणून नावाजलेलं हे इंधन खरं अडतं ते या धुण्यापाशी.

या क्रियेचं इंधनासाठीचं पहिलं पेटंट 1937 सालचं. ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शावान यांनी ते बेल्जियममध्ये घेतलं. बेल्जियन काँगोतल्या पामतेलापासून केलेल्या एस्टरवर 1938 मध्ये ब्रुसेल्स ते लूव्हाँ अशी बसही धावली. पुढे 1940 च्या दशकात अमेरिकेत याच क्रियेवर पेटंटं निघाली, पण साबणाच्या धंद्यासाठी. तिथे ग्लिसरीन हवं होतं. इंधनवाल्यांना तेच नको असतं. ते टाकीच्या तळाशी बसतं, इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरवर थर धरतं. म्हणून युरोपच्या 2003 च्या ईएन 14214 या मानकात मोकळ्या ग्लिसरीनची मर्यादा 0.02 टक्के ठेवली गेली, म्हणजे टनामागे 200 ग्रॅम. आपल्या आयएस 15607 मध्येही हाच आकडा आहे.

हा आकडा गाठायचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे कोमट पाणी. ग्लिसरीन आणि मिथेनॉल पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे दोन-तीन धुण्यांत काम होतं. पण साबण असला की पाणी आणि बायोडीझेल एकमेकांना सोडत नाहीत. ताकासारखं पांढरं मिश्रण तासन्‌तास वेगळं होत नाही आणि त्यात चांगला मालही वाया जातो. मग बायोडीझेल तापवून सुकवायचं. उरतं ते साबण, पोटॅश आणि मिथेनॉल असलेलं सांडपाणी. ते शुद्ध न करता नाल्यात सोडलं, तर इंधनानं वाचवलेलं प्रदूषण दुसऱ्या दारानं आत येतं.

पाणी टाळण्यासाठी अशुद्धी शोषून धरणारी मॅग्नेशियम सिलिकेटची भुकटी आणि आयन-विनिमय रेझिन आली. ती चांगली चालतात. मात्र वापरून झालेली भुकटी टाकायची कुठे, हा प्रश्न राहतोच.

वेगळी वाट निघाली ती एका जुन्या निरीक्षणातून. हातानं फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ घालतात. मीठ 801 अंशांना वितळतं, बर्फ शून्याला, पण योग्य प्रमाणात मिसळले तर ते मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. अशा मिश्रणांना फ्रेडरिक गथ्री यांनी 1884 मध्ये ‘युटेक्टिक’ म्हणजे सहज वितळणारं असं ग्रीकवरून नाव दिलं. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अॅबट आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये कोलीन क्लोराइड आणि युरिया एकास दोन प्रमाणात मिसळले. 302 आणि 133 अंशांना वितळणाऱ्या या दोन घन पदार्थांचं मिश्रण 12 अंशांना वितळलं! कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात आणि युरिया आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. इतक्या स्वस्त, परिचित पदार्थांपासून द्रावक मिळावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अॅबट यांच्याच गटानं 2007 मध्ये हे बायोडीझेलला लावलं, आणि सगळ्या कथेत मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी कोलीन क्लोराइडसारखे क्षार ग्लिसरीनमध्येच मिसळून द्रावक केलं. क्षाराच्या एका रेणूला ग्लिसरीनचा एक रेणू, असं मिश्रण घेतलं की त्याला आणखी ग्लिसरीन धरायला जागा असते. क्लोराइडचा आयन, म्हणजे क्षारातला विद्युतभारित कण, हायड्रोजन बंध या रेणूंमधल्या ओढीनं ते ओढून घेतो. एस्टर तेलकट असल्यामुळे त्यात जात नाही. म्हणजे नको असलेलं ग्लिसरीन काढायला ग्लिसरीनच वापरायचं, आणि ते कारखान्यात आधीच पडून असतं.

मलाया विद्यापीठात हय्यान, मजाली, हाशिम, अलनाशेफ यांनी 2010 मध्ये पामतेलाच्या बायोडीझेलवर हेच करून पाहिलं आणि माल मानकात बसवला. मात्र त्यांना सर्वांत चांगला निकाल मिळाला तो बायोडीझेल आणि द्रावक यांचं प्रमाण एकास एक ठेवल्यावर. कारखान्याच्या हिशेबानं हे फार झालं. एवढं द्रावक पुन्हा पुन्हा वापरता आलं तरच ते परवडेल. शिवाय ही द्रावकं मधासारखी घट्ट असतात, पंपाला आणि ढवळण्याला जड जातात. ग्लिसरीननं भरलेल्या द्रावकातून क्षार परत मिळवायला लेस्टरच्या गटानं ब्युटेनॉल वापरलं होतं, म्हणजे दुसरं द्रावक आलं आणि ते परत मिळवण्याचा खर्चही.

आपल्याकडे 2018 पासून वापरलेलं तळणाचं तेल बायोडीझेलकडे वळवायची मोहीम सुरू आहे. अशा तेलात मोकळी मेदाम्लं जास्त, करंजाच्या तेलातही तेच. ती पोटॅशशी मिळून साबण होतो, म्हणून आम्लं वाढली की साबण वाढतो. त्यामुळे पामतेलावर मिळालेले निकाल इथे जसेच्या तसे धरता येणार नाहीत. तळणाच्या तेलाचं बायोडीझेल स्वतंत्रपणे तपासावं लागेल.