पाणी उतरल्यावर परत जायचं की नाही? ‘इव्हॅक्युएट’ आणि ‘रीलोकेट’

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर गेलं की धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतं. आकडा चढायला लागला की मोबाइलवर इंग्रजी मेसेज फिरू लागतात, आणि त्यांत हमखास एक वाक्य असतं की सुतारवाडा या पुरात बुडणाऱ्या वस्तीतली कुटुंबं ‘रीलोकेट’ केली. बाहेरगावच्या माणसानं हे वाचलं तर त्याला वाटेल, चला, सुतारवाडा उठला, लोकांना दुसरीकडे घरं मिळाली. प्रत्यक्षात ती माणसं दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात गेलेली असतात. बरोबर अंथरूण-पांघरूण, पोरांची दप्तरं आणि रेशनकार्डाची पिशवी. पाणी ओसरलं की खराटा घेऊन त्याच घरातला चिखल काढायला परत हजर. याला इंग्रजीत ‘इव्हॅक्युएट’ म्हणतात.

गोंधळ होतो तो आपल्या ‘स्थलांतर’मुळे. पूरग्रस्त मठात गेले, स्थलांतर. सरकारी कचेरी नव्या इमारतीत गेली, तेही स्थलांतर. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, तरी स्थलांतरच. मराठीत संदर्भावरून निभावतं. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र यातलं नेमकं कोणतं, ते ठरवावं लागतं.

‘इव्हॅक्युएट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘व्हॅक्युअस’ आहे, म्हणजे रिकामं. ‘व्हॅक्यूम’ आणि ‘व्हेकंट’ त्याच घराण्यातले. त्यामुळे मुळात हा शब्द जागेला लागतो: ‘इव्हॅक्युएट द बिल्डिंग’, इमारत मोकळी करा. माणसांना तो नंतर लागू झाला, तेव्हा भाषेचे काही सोवळे जाणकार नाक मुरडायचे, कारण माणूस रिकामा करणं म्हणजे डॉक्टरी भाषेत त्याचं पोट साफ करणं! आता मात्र ‘दे वेअर इव्हॅक्युएटेड’ सर्रास चालतं. त्यात तीन गोष्टी गृहीत असतात: धोका आहे, घाई आहे आणि जमलं तर परत यायचं आहे.

‘रीलोकेट’मध्ये घाई नाही. तिथे नवा पत्ता महत्त्वाचा. म्हणून ‘इव्हॅक्युएट’च्या मागे बहुधा ‘फ्रॉम’ येतं आणि ‘रीलोकेट’च्या मागे ‘टू’. एकाचं लक्ष कुठून निघालो याकडे, दुसऱ्याचं कुठे पोहोचलो याकडे. नोकरीच्या फॉर्मवर ‘विलिंग टू रीलोकेट?’ असा प्रश्न असतो, तो पुण्याला किंवा बेंगळुरूला बिऱ्हाड हलवणार का, एवढंच विचारतो. तिथे ‘इव्हॅक्युएट’ घातलंत तर कंपनीला आग लागली की काय असं वाटेल.

आगीवरून आठवलं. ‘स्टे पुट’, म्हणजे आहात तिथेच थांबा, याचा सरकारी विरुद्धार्थी शब्द ‘इव्हॅक्युएट’च आहे. ब्रिटनमध्ये उंच इमारतींसाठी ‘स्टे पुट’ हे अग्निशमनाचं अधिकृत धोरण होतं: आग दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये असेल तर आपलं दार लावून आत बसा. 14 जून 2017 च्या पहाटे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये रहिवाशांना हाच सल्ला दिला गेला, आणि तो मागे घेईपर्यंत पावणेतीन वाजून गेले होते. 72 माणसं गेली. या दोन शब्दांमधली निवड किती महागात पडू शकते, ते तिथल्या चौकशीत सविस्तर निघालं.

पंचगंगेकाठी एक गाव असं आहे की तिथे दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरावे लागतात. प्रयाग चिखलीच्या लोकांना सोनतळीला पुनर्वसनाचे प्लॉट मिळाले त्याला कित्येक वर्षं झाली. कागदावर हे रीलोकेशन. पण रान, गोठे, सोसायटी, देऊळ सगळं खाली नदीकाठी. त्यामुळे जुनं गाव काही सुटत नाही. मग पाणी चढलं की म्हशी दावणीतून सोडायच्या, ट्रॉलीत वैरण टाकायची आणि सोनतळी गाठायची. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हाही तेच. म्हणजे जिथे रीलोकेट व्हायचं होतं, तिथेच दर पुराला इव्हॅक्युएट होऊन जायचं. माझ्या मते दोन शब्दांतला फरक याहून स्वच्छ कुठे दिसणार नाही.

‘शिफ्ट’चं थोडक्यात. ‘पुण्याला शिफ्ट झालो’ ही आता मराठीच आहे. इंग्रज माणूस घर बदललं की ‘मूव्ह्ड’ म्हणेल, ‘शिफ्टेड’ आपल्याकडचं. चूक म्हणायचं कारण नाही, पण परदेशी अर्जात ‘मूव्ह्ड’ बरं.

आता कोल्हापूरजवळचं वळिवडे, म्हणजे आजच्या गांधीनगरची जागा. गांधीनगरला कपडे घ्यायला सगळं कोल्हापूर जातं, पण 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीच्या बराकींत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या प्रवासाच्या टप्प्याटप्प्याला इंग्रजीत वेगळं क्रियापद लागतं. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं, ते ‘डिपोर्ट’. 1942 मध्ये पोलिश सैन्याबरोबर इराणला बाहेर काढलं, ते ‘इव्हॅक्युएट’. युद्ध संपलं, पण त्यांचा मुलूख सोव्हिएत युनियनमध्ये गेला होता. परत जाणार कुठे? शेवटी बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात स्थायिक झाले, ते ‘रीसेटल’. हा ‘रीलोकेट’चा सख्खा भाऊ, फक्त परदेशाच्या आणि निर्वासितांच्या संदर्भात जास्त वापरतात. परतीची वाट बंद झाली की ‘इव्हॅक्युएट’ संपतं, आणि पुढे जे होतं त्याला दुसरं नाव लागतं. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं एक आहे.

पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी वसवले गेले. आपण त्यांना निर्वासित म्हणतो, म्हणून इंग्रजीत सहज ‘इव्हॅक्युई’ लिहून मोकळे होऊ. भारतीय कायद्यात ते साफ उलटं ठरेल. 1950 च्या इव्हॅक्युई मालमत्तेच्या कायद्यात ‘इव्हॅक्युई’ म्हणजे इथून पाकिस्तानात गेलेला, मागे घर-जमीन सोडून. तिकडून आलेला तो ‘डिस्प्लेस्ड पर्सन’, त्याच्या भरपाईचा कायदा 1954 चा. दोन्ही कायदे 2005 मध्ये रद्द झाले, पण जुन्या मालमत्तेच्या कागदांत हा शब्द अजून भेटतो. तिथे तो पुरातून हलवलेल्या माणसाबद्दल नाही, तर जागेच्या मूळ मालकाबद्दल बोलत असतो. असा कागद हातात आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवावा.