ऊद वर जातो, गंधरस अंगावर राहतो

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, बेथलेहेमात पोचतात, बाळ येशूपुढे दंडवत घालतात आणि थैल्या सोडून सोनं, ऊद व गंधरस (हे दोन्ही झाडांचे सुगंधी चीक) अर्पण करतात. हे सगळं एका वचनात उरकतं. मागी किती होते, ते मत्तय लिहीत नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन, हा हिशेब नंतरचा. या वस्तूंचा अर्थ काय, हेही तो सांगत नाही. तो अर्थ इसवी सन 180 च्या सुमारास बिशप इरेनियस यांनी लिहून ठेवला: सोनं राजाला, ऊद देवाला आणि गंधरस माणसांसाठी मरून पुरल्या जाणाऱ्याला. गोव्यात 6 जानेवारीला रेइश मागूश किंवा चांदरच्या फेस्ताला तीन मुलगे राजांच्या वेशात निघतात, त्यामागेही हीच परंपरा आहे.

हा अर्थ वरून चिकटवलेला नाही. या तीन पदार्थांशी माणसं आधीपासूनच तसं वागत होती, आणि तसं वागण्याचं कारण बऱ्याच अंशी त्या पदार्थांच्या रसायनात आहे.

पुरावे जुने आहेत. इजिप्तमध्ये प्रेत कसं टिकवत, ते ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात लिहिलं. पोट साफ करून त्यात शुद्ध गंधरसाची पूड, तज आणि इतर सुगंधी द्रव्यं भरत. पुढे तो मुद्दाम नोंदवतो: ऊद सोडून. जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकाचा 30वा अध्याय तर जवळजवळ कृतींची वही आहे. अभिषेकाच्या तेलात 500 शेकेल गंधरस घालायचा, म्हणजे आजच्या मापाने साडेपाच-सहा किलो, शिवाय दालचिनी, वेखंडासारखं सुगंधी बोरू, तज आणि जैतुणाचं तेल. त्याच अध्यायात वेदीवर जाळायच्या धूपाची कृती आहे आणि तिच्यात शुद्ध ऊद आहे. अंगाला लावायचा तो गंधरस, जाळायचा तो ऊद. ख्रिस्तपूर्व 288 च्या सुमारास सिकंदराच्या साम्राज्याचा एक वारसदार राजा सेल्युकस याने आजच्या तुर्कस्तानातल्या दिदिमा इथल्या अपोलोच्या देवळाला जे दान पाठवलं, त्याच्या शिलालेखात सोन्याच्या पात्रांबरोबर दहा टॅलेंट ऊद आणि एक टॅलेंट गंधरस आहे. टॅलेंट साधारण 26 किलोचं धरलं, तर अडीचशे किलोंहून जास्त ऊद झाला. देवळात कशाचा खप जास्त, ते या आकड्यांवरून कळतं.

आता पदार्थांकडे वळू. मराठी बायबलमधला ऊद म्हणजे बॉसवेलिया जातीच्या झाडांचा चीक. ओमानचा धोफार, येमेन आणि उत्तर सोमालिया इथे बॉसवेलिया सॅक्रा वाढतं. इथिओपिया, एरिट्रिया आणि सुदानमध्ये बॉसवेलिया पॅपिरिफेरा. गंधरस म्हणजे आपल्याकडच्या गंध्याच्या दुकानातला हिराबोळ, कॉमिफोरा मिऱ्हा या काटेरी झुडपाचा चीक. दोन्ही झाडं एकाच कुळातली, गुग्गुळाच्या. दोन्ही चिकांत तीन घटक मिसळलेले असतात: पाण्यात विरघळणारा डिंक, मद्यार्कात विरघळणारी राळ आणि उडून जाणारं तेल. फरक प्रमाणात आणि तेलाच्या रेणूंत आहे.

उदात राळ जास्त, डिंक कमी. त्याच्या तेलात बहुधा दहा कार्बनचे हलके रेणू भरपूर असतात, त्यांतला अल्फा-पायनिन हा प्रमुख. तो साधारण 156 अंश सेल्सिअसला उकळतो. निखाऱ्याजवळ खडा नेला की हे रेणू झपाट्याने उडतात, राळ वितळून पांढरा धूर उठतो आणि वास खोलीभर पसरतो. देवळात शिरताच ओळखू येणारा उदाचा खोल वास मात्र पायनिनचा नाही. तो ऑलिबॅनिक आम्लांचा आहे. ती अत्यल्प प्रमाणात असतात आणि 2016 साली फ्रान्समधल्या रसायनशास्त्रज्ञांनी ती ओळखली.

गंधरसात साधारण निम्मा डिंकच असतो. त्याचं तेल घट्ट आणि जड, मुख्यतः पंधरा कार्बनच्या रेणूंचं. फ्युरॅनोयुडेस्मा-1,3-डाइन आणि कर्झरीन हे त्यांतले दोन. यांतले बरेचसे 250 अंशांच्या वर उकळतात. म्हणून अंगाला किंवा कापडाला लावलेला गंधरस सहज उडत नाही, त्याचा कडवट वास दिवसचे दिवस राहतो. निखाऱ्यावर टाकला तर तो उदासारखा वितळत नाही, फुगतो आणि काळा पडतो. धुरासाठी हा पदार्थ दुय्यम, लेपासाठी उत्तम. जंतूंची वाढही तो रोखतो. हिरड्या आणि तोंडाच्या सुजेवर गंधरसाचा अर्क लावण्याला जर्मनीच्या औषधी वनस्पती आयोगाने मान्यता दिली होती.

मार्काच्या शुभवर्तमानात वधस्तंभाजवळ येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ करतात आणि तो घेत नाही. 1996 साली ‘नेचर’मध्ये इटालियन संशोधकांनी उंदरांवरचे प्रयोग छापले. फ्युरॅनोयुडेस्मा-1,3-डाइनने उंदरांची वेदना कमी होत होती आणि नॅलोक्झोन दिलं की हा परिणाम नाहीसा होत होता. नॅलोक्झोन अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम थांबवतं, म्हणजे गंधरसातला हा रेणू मेंदूतल्या त्याच ग्राहींवर, म्हणजे अफू जिथे चिकटते त्या जागांवर, काम करत होता. उंदरांवरून माणसांबद्दल उडी मारू नये. पण तो द्राक्षारस नुसता चवीसाठी नसावा, अशी शंका यायला एवढं पुरे. योहानाच्या शुभवर्तमानात दफनाच्या वेळी निकदेम नावाचा यहूदी पुढारी गंधरस व अगरूचं शंभर रतल मिश्रण आणतो. रोमन रतल 327 ग्रॅमचा, म्हणजे सुमारे 33 किलो. मागींच्या तिसऱ्या भेटीत मरणाची चाहूल ज्यांना दिसली, त्यांच्या डोळ्यांपुढे हे प्रसंग होते.

जुन्या करारातल्या यशयाच्या 60व्या अध्यायात दक्षिण अरबस्तानातल्या शबाहून उंटांवरून येणाऱ्या भेटी सोनं आणि ऊद अशा दोनच आहेत. मत्तयाच्या यादीत गंधरसाची भर पडते. मला ती सगळ्यात बोलकी वाटते.

सोन्याबद्दल थोडक्यात. ते गंजत नाही, काळं पडत नाही आणि 1064 अंशांना वितळून पुन्हा तेच सोनं होतं. राजाचा मान त्याला यातूनच मिळाला. पण त्या काळी ऊद आणि गंधरस सोन्याच्या भावाने विकले जात, असं नाताळात हमखास छापून येतं, ते चूक आहे. रोमन लेखक प्लिनीने इसवी सन 77 च्या सुमारास भाव दिले आहेत: उत्तम ऊद रतलाला 6 दिनार, मध्यम 5, कनिष्ठ 3. गंधरसाचा सर्वात महाग प्रकार 50 दिनारांपर्यंत जाई. त्या वेळी एका रतल सोन्याची 45 नाणी पाडत आणि प्रत्येक नाणं 25 दिनारांचं, म्हणजे सोनं 1125 दिनार. उत्तम उदाच्या तुलनेत सोनं जवळजवळ 187 पट महाग होतं. तरी ऊद स्वस्त नव्हता. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. सहा दिवस राबून पाव किलोहून थोडा जास्त ऊद, असा तो भाव.

एवढी किंमत वाटेत चढत होती. येमेनमधल्या तिम्नापासून गाझापर्यंत उंटांचे 65 मुक्काम होते, आणि प्लिनीच्या हिशेबाने किनाऱ्यावर पोचेपर्यंत एका उंटामागे 688 दिनार खर्च होत: पाणी, चारा, मुक्काम आणि जागोजागची जकात. अलेक्झांड्रियाच्या कारखान्यांत ऊद निवडणाऱ्यांच्या कमरेच्या वस्त्रावर मोहोर लावत, तोंडावर जाळी बांधत आणि घरी सोडताना कपडे उतरवून झडती घेत.

दुसरी वाट समुद्राची, आणि तिच्यावर आपला किनारा होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासनोंदीत सोपारा आणि कल्याण ही नावं आहेत. त्याच नोंदीनुसार भडोच व केरळकडून येणारी, उशीर झालेली जहाजं धोफारच्या मोस्का बंदरात हिवाळा काढत आणि राजाच्या अधिकाऱ्यांना कापड, गहू व तिळाचं तेल देऊन ऊद घेत. मोस्का म्हणजे आजच्या खोर रोरीजवळचं सुमहुरम, असं सहसा मानलं जातं. त्याचे अवशेष 2000 साली जागतिक वारसा यादीत गेले.

आज बाजारात ऊद घेताना पहिली चूक ओळखीतच होते. ऊद किंवा लोबान म्हणून पुष्कळदा सुमात्राकडच्या स्टायरॅक्स झाडांची राळ मिळते. तिचा वास व्हॅनिलासारखा गोडसर असतो आणि तिच्यात डिंक नसतो. पारख सोपी आहे: खड्याची पूड खलात थोड्या पाण्याबरोबर घोटा. बॉसवेलियाचा ऊद डिंकामुळे दुधी होतो, स्टायरॅक्सची राळ होत नाही. प्लिनीची परीक्षाही चालते: खडा निखाऱ्यावर लगेच पेटला पाहिजे आणि दाताखाली खूण न उमटता त्याचा चुरा झाला पाहिजे. हिराबोळ घेताना काळा बोळ गळ्यात पडू देऊ नका. तो कोरफडीचा आटवलेला रस असतो आणि जोरदार रेचक आहे. खरा हिराबोळही गरोदरपणी पोटात घेऊ नये.

जाळतानाची नेहमीची चूक म्हणजे लाल निखाऱ्यावर थेट खडा टाकणं. त्यातला डिंक करपतो आणि वासात जळकटपणा येतो. निखाऱ्यावर राख धरू द्यावी, वर अर्धा सेंटिमीटर राख किंवा वाळू पसरावी आणि वाटाण्याएवढा खडा ठेवावा. धूर पांढरा असेतोवर ठीक, खडा काळा पडला की उचलावा. खिडकी उघडी हवी, कारण हा धूरही शेवटी धूरच आहे आणि दमेकऱ्यांना तो बाधतो.

सांधेदुखीवर उदाचं सुगंधी तेल विकलं जातं, त्याबद्दलही नीट समजून घ्यायला हवं. सूज कमी करण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ती बॉसवेलिक आम्लं तीस कार्बनची, जड आहेत. वाफेने तेल काढताना ती भांड्यातच राहतात. ती हवी असतील तर राळेचा अर्क लागतो, आणि तो मुख्यतः भारतातल्या सालईपासून बनतो. सालई म्हणजे बॉसवेलिया सेराटा, सातपुड्यात आणि विदर्भाच्या कोरड्या टेकड्यांवर दिसणारं कागदी सालीचं झाड. आयुर्वेदातली शल्लकी ती हीच. मागींच्या उदाची ती सख्खी बहीण आहे.

चीक काढायची पद्धत सगळीकडे साधारण सारखी. धोफारमध्ये रुंद पात्याच्या छोट्या हत्याराने सालीचा तळहाताहून लहान पापुद्रा खरवडतात. दुधासारखे थेंब येतात आणि उन्हात घट्ट होतात. पहिल्या खेपेचा चीक टाकून देतात. दोनेक आठवड्यांनी तीच जखम पुन्हा खरवडतात, तरी माल हलकाच निघतो. तिसऱ्या खेपेपासून खरा ऊद मिळतो. उत्तम प्रत डोंगरापलीकडच्या कोरड्या पट्ट्यातली, जिथे मोसमी धुकं थेट पोचत नाही. चीक वाहणाऱ्या नळ्या आतल्या सालीत असतात, त्यामुळे लाकडापर्यंत घाव घालून जास्त ऊद मिळत नाही. जखम मात्र भरत नाही आणि किडीला वाट मिळते.

जास्त खेपा घेतल्या की झाड अन्न बियांऐवजी चिकाकडे वळवतं. एरिट्रियातल्या अभ्यासात न खरवडलेल्या झाडांच्या बिया 80 टक्क्यांहून जास्त रुजल्या. सतत खरवडलेल्या झाडांच्या फक्त 16 टक्के. 2019 साली इथिओपिया, एरिट्रिया आणि सुदानमधल्या पाहणीत तीन-चतुर्थांशाहून जास्त ठिकाणी लहान झाडंच आढळली नाहीत. रुजलेली रोपं गुरं खातात, उरलेली वणव्यात जातात. असंच चाललं तर पॅपिरिफेराचं उत्पादन वीस वर्षांत निम्म्यावर येईल, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. त्यावर उपाय माहीत आहेत: घाव मोजके ठेवायचे, काही वर्षं झाडाला विसावा द्यायचा आणि रोपं पुरेशी मोठी होईपर्यंत कुंपण घालून गुरं व आग दूर ठेवायची.