लॅक्स्टन
लॅक्स्टन : इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील खेडे. बिनकुंपणाच्या मोठ्या शेतांत पट्ट्या पाडून, गावाने ठरवलेल्या नियमांनुसार शेती करण्याची मध्ययुगीन पद्धत येथे अजून चालू आहे. गावाची ठेवण याच पद्धतीने घडवली.

१०८६ च्या डोम्सडे नोंदीत (इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीत) गाव जेफ्री अल्सेलिनच्या ताब्यात दिसते. पुढे नॉर्मनांची (१०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्यांची) गढी गावाच्या उत्तरेला उभी राहिली. तिचा मातीचा उंचवटा शिल्लक आहे. शेतकऱ्यांची घरे रस्त्याच्या कडेला, बरीचशी रस्त्याकडे आखूड बाजू करून. बाजूला अंगण व कोठारे, मागे लांबट परसू. प्रत्येकाच्या पट्ट्या शिवारभर विखुरलेल्या असल्याने शेतात जाऊन राहण्यात अर्थ नव्हता. इतरत्र, मुख्यतः १७५० ते १८५० दरम्यान, कायद्याने जमिनी एकत्र करून कुंपणे घातली गेली आणि अनेक शेतकरी गाव सोडून आपापल्या शेतात राहायला गेले. लॅक्स्टनमध्ये दोन मोठ्या जमीनदारांचे एकमत झाले नाही म्हणून शिवार वाचले, असे सांगतात. मार्क पियर्सने १६३५ मध्ये केलेल्या नकाशात पट्टी न् पट्टी आहे. नांगरणी-कापणी करणारी माणसेही चितारली आहेत.

आज साउथ, मिल आणि वेस्ट अशी तीन शेते उरली आहेत. त्यांत आळीपाळीने हिवाळी गहू, वसंतातील पेरा आणि पड. जुन्या पट्टीची लांबी सुमारे एक फर्लांग, म्हणजे २०१ मीटर. बैलांची लांबलचक जोत वळवायला जागा लागे. वळण आधीपासूनच धरल्याने पट्ट्यांना किंचित नागमोडी बाक येई. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्ट्या एकत्र करून संख्या घटवली. ट्रॅक्टरच्या काळात ते पथ्यावर पडले.

मध्ये बांध नसल्यामुळे शेजाऱ्याची किंवा वाटेची जमीन दरसाल नांगराच्या एका चरीएवढी कोरणे सोपे. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर पंचमंडळ गव्हाचे शेत फिरून पाहते, हद्दीचे खुंट ठोकते आणि अतिक्रमण नोंदवते. आठवडाभराने भरणाऱ्या कोर्ट लीट या ग्रामन्यायालयात दंड होतो. रक्कम किरकोळ, पण नाव सगळ्यांसमोर वाचले जाते. नांगरता न येणाऱ्या ओलसर सखल पट्ट्यांवरील गवताचा दरवर्षी लिलाव होतो.

कृषिखात्याने १९५२ मध्ये गाव विकत घेतले, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेट या राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेले आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीकडे आले.