ईव्हलीची जमीन कोणाची? सिडनीतल्या जुन्या रेल्वे कारखान्याची पार्श्वभूमी

२०२२ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने सिडनीतल्या ईव्हली रेल्वे कारखान्याच्या उत्तर भागाचा भूवापर बदलण्याचा प्रस्ताव हरकती-सूचनांसाठी खुला केला. जुन्या पेंट शॉपच्या आसपास कार्यालयं, घरं आणि दुकानं यांचे उंच मनोरे उभे राहणार होते. वारसा यादीतल्या इमारती त्यांच्यामध्ये जपल्या जाणार होत्या. रेडफर्न, डार्लिंग्टन भागातल्या रहिवाशांनी हरकती घेतल्या. शेजारच्या बैठ्या घरांपुढे मनोरे फार उंच होतात, परवडणाऱ्या घरांचा वाटा फार कमी आहे, इथल्या आदिवासी समाजाला नेमकं काय मिळणार ते स्पष्ट नाही, असा त्यांचा सूर होता.

नुसत्या वाचल्या तर या हरकती कुठल्याही शहरात ऐकू येतील अशा वाटतात. पण या रहिवाशांसमोर आलेला हा पहिला आराखडा नव्हता. रुळांच्या पलीकडचा अर्धा कारखाना सरकारने कसा विकला हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्याआधी निर्णयाचे अधिकार महापालिकेकडून काढून घेतले गेले, तेही पाहिलेलं होतं. ईव्हलीत आज चाललेला वाद समजून घ्यायचा तर सुरुवात १८८७ पासून करावी लागते.

हा सगळा परिसर मूळचा गाडिगल या आदिवासी लोकांचा. सिडनी ते पॅरामॅटा ही वसाहतीतली पहिली रेल्वे २६ सप्टेंबर १८५५ रोजी सुरू झाली आणि पुढच्या वीसेक वर्षांत शहराजवळची दुरुस्तीची जागा अपुरी पडू लागली. म्हणून शहराच्या नैर्ऋत्येला, रेडफर्नला लागून, सरकारने मोठी जमीन संपादित केली. १८८७ मध्ये कारखाना सुरू झाला. मुख्य लोहमार्ग त्याच्या मधून जात असल्याने त्याचे दोन भाग पडले. दक्षिणेला इंजिनांचे विभाग, म्हणजे १ ते १५ क्रमांकांची दालनं. उत्तरेला डब्यांचं काम, १६ ते २५ क्रमांकांची दालनं, आणि रंगकामाचं पेंट शॉप. रंगीत विटांच्या कमानी, बिडाचे खांब आणि वरून उजेड घेणारी छपरं यांनी बनलेल्या या इमारती सरकारी पैशाने आणि खूप विचारपूर्वक बांधल्या होत्या.

सुरुवातीला इथे प्रामुख्याने दुरुस्ती आणि जोडणी होत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंजिनंही इथेच तयार होऊ लागली. ओतकाम, लोहारकाम, बॉयलर, चाकं, सुतारकाम, गाद्या, रंग असं सगळं एकाच आवारात चाले. ऐन भरात असताना तीन हजारांहून अधिक माणसं इथे कामाला होती. फिटर, टर्नर, बॉयलरमेकर, मोल्डर आणि उमेदवारी करणारी पोरं आसपासच्या गल्ल्यांमध्ये राहत. रेडफर्न आणि डार्लिंग्टनची वस्ती वाढली ती बऱ्याच अंशी या हजेरीपटावर. ग्रामीण भागातून कामाच्या शोधात आलेल्या आदिवासी कुटुंबांनाही इथे रोजगार मिळाला. रेडफर्न हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी राजकारणाचं एक केंद्र बनलं, त्यामागे रेल्वेची ही नोकरी हे एक मोठं कारण होतं. १९७३ मध्ये आदिवासींच्या हक्काच्या घरांसाठी स्थापन झालेल्या अबोरिजिनल हाउसिंग कंपनीचा ‘द ब्लॉक’ कारखान्याला लागूनच, ईव्हली स्ट्रीटच्या परिसरात आहे. म्हणून उत्तर ईव्हलीच्या आराखड्यात आदिवासींसाठी घरं मागितली जातात तेव्हा ती मागणी बाहेरून आणून चिकटवलेली नसते. तिची मुळं याच कारखान्यात आहेत.

१९१७ च्या संपाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथल्या आठवणीत तो अजून ताजा आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि रेल्वे प्रशासनाने कारखान्यांत कामाच्या नोंदीची नवी कार्डपद्धत आणली. कोणत्या कामाला कोणाला किती वेळ लागला याची टिपणं ठेवायची आणि त्यावरून माणसाचा वेग मोजायचा, अशी ती अमेरिकेतला व्यवस्थापनतज्ज्ञ फ्रेडरिक टेलर याच्या विचारांवर बेतलेली पद्धत होती. कामगारांना त्यात पाळत दिसली, आणि आपल्या कसबावरचा आपला ताबा सुटत चालल्याचंही दिसलं. २ ऑगस्ट १९१७ रोजी रँडविकचा ट्राम कारखाना आणि ईव्हली यांसह रेल्वे-ट्रामचे ५,७८० कामगार काम टाकून बाहेर पडले. मग खाणकामगार, गोदी कामगार, खलाशी त्यांच्या मागोमाग आले आणि संपकऱ्यांचा आकडा लाखाच्या घरात गेला. सरकारने बदली कामगार आणले. सप्टेंबरमध्ये रेल्वेचा संप हरला. अनेकांना परत घेतलं नाही, ज्यांना घेतलं त्यांची ज्येष्ठता गेली.

या हरलेल्या संपातून पुढारी मात्र घडले. ईव्हलीत फिटर असलेल्या जोसेफ केहिल यांची नोकरी या संपात गेली. १९५२ मध्ये ते न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री झाले आणि सिडनी ऑपेरा हाउसचा प्रकल्प त्यांनीच मार्गी लावला. बेन चिफली बॅथर्स्टला इंजिनचालक होते. त्यांनाही काढून टाकलं आणि परत घेतलं ते खालच्या पदावर. १९४५ ते १९४९ ते देशाचे पंतप्रधान होते. कारखान्याच्या आवारात कामगारांच्या सभा जिथे भरत, त्या जागेला लोक ‘रेड स्क्वेअर’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात इथे दारूगोळ्याचं काम झालं आणि त्यासाठी स्त्रियाही यंत्रांवर उभ्या राहिल्या. युद्धानंतर युरोपातून आलेले स्थलांतरित या हजेरीपटावर आले.

पुढे वाफेची इंजिनं जाऊन डिझेल आलं, कामं शहराबाहेरच्या नव्या कारखान्यांकडे वळली आणि ईव्हली हळूहळू रिकामा होत गेला. १९८८-८९ मध्ये तो बंद झाला. शंभर वर्षांचं काम थांबलं. मागे उरल्या भक्कम इमारती, त्यांत जागच्या जागी असलेली यंत्रं (धातू दाबून घडवणारा १,५०० टनांचा डेव्ही प्रेस आणि वाफेवरचे घण त्यांतलेच) आणि शहराच्या मध्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर असलेली सरकारी जमीन. या तिसऱ्या गोष्टीने पुढच्या तीस वर्षांचा इतिहास ठरवला.

दक्षिण भागात सिडनीतल्या विद्यापीठांना सोबत घेऊन सरकारने ‘ऑस्ट्रेलियन टेक्नॉलॉजी पार्क’ उभारला. इंजिनांच्या दालनांत संशोधन संस्था आणि कार्यालयं आली, काही दालनांत यंत्रं तशीच राहिली आणि लोहारकामाची भट्टीही पेटत राहिली. १९९९ मध्ये कारखाना राज्याच्या वारसा नोंदवहीत आला. जमीन अजून सार्वजनिक मालकीची होती आणि लोकांना आत फिरता येत होतं. आजच्या तुलनेत तो काळ बरा होता, असं मला वाटतं.

फेब्रुवारी २००४ मध्ये रेडफर्नमध्ये एका आदिवासी मुलाच्या मृत्यूनंतर दंगल उसळली. त्याच वर्षी सरकारने कायदा करून रेडफर्न-वॉटरलू प्राधिकरण आणलं. परिसराची सामाजिक घडी बसवणं हा त्याचा जाहीर हेतू होता. पण त्याबरोबर मोक्याच्या सरकारी जमिनींच्या नियोजनाचे अधिकार महापालिकेकडून थेट मंत्र्यांकडे गेले. याच काळात रहिवाशांनी ‘रेडवॉच’ हा गट स्थापन केला. रेडफर्न, ईव्हली, डार्लिंग्टन आणि वॉटरलू या चार वस्त्यांची आद्याक्षरं त्याच्या नावात आहेत. तेव्हापासून प्रत्येक आराखडा, प्रत्येक हरकतीची मुदत आणि सरकारची प्रत्येक पुनर्रचना हा गट नोंदवून ठेवत आला आहे. प्राधिकरण आलं, त्याचं दुसरं झालं, दुसऱ्याचं तिसरं झालं आणि दर वेळी अधिकारी बदलले. जुनी आश्वासनं लक्षात ठेवण्याचं काम लोकांवर पडलं. या वादातलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे, असं माझं मत आहे. सरकारी दप्तरात जे सापडेनासं होतं, ते इथे पगार न घेता काम करणाऱ्या माणसांकडे सापडतं.

एक उदाहरण पाहा. प्राधिकरणाच्या २००६ च्या आराखड्याने कारखान्याच्या जमिनींचा भूवापर बदलला आणि उत्तर-दक्षिण भाग जोडणारा पादचारी पूल रुळांवरून दाखवला. २००८ मध्ये उत्तर ईव्हलीच्या संकल्पना आराखड्याला मंजुरी मिळाली. पूल मात्र कागदावरच राहिला. २०२३ मध्ये रेडफर्न स्थानकावर नवा पादचारी मार्ग झाला आणि त्याचा लोकांना खूप उपयोग होतो, पण तो स्थानकाजवळ आहे. कारखान्याच्या मध्यावरून पलीकडे जाण्याची सोय अजून नाही.

उत्तरेतल्या डब्यांच्या दालनांचं तोवर चांगलं झालं होतं. २००७ मध्ये तिथे ‘कॅरेजवर्क्स’ हे कलाकेंद्र उघडलं. नाटक, नृत्य, प्रदर्शनं आणि शनिवारचा शेतकरी बाजार यांमुळे ही जागा लोकांची झाली. २०१७ मध्ये संपाच्या शताब्दीनिमित्त त्याच इमारतीत १९१७ च्या संपावर प्रदर्शन भरलं. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत संस्था आर्थिक अडचणीत आली आणि तिचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तेव्हा ती वाचवण्यासाठी कलाकार आणि रहिवासी दोघेही बोलले. त्याच वर्षी ती सावरली.

दक्षिणेला उलट घडलं. २०१४ मध्ये सरकारने टेक्नॉलॉजी पार्क विकायला काढला. रहिवाशांच्या गटांनी आणि सिडनी महापालिकेने विरोध केला. सार्वजनिक पैशाने संपादित केलेली आणि शंभर वर्षं सार्वजनिक कामासाठी वापरलेली जमीन एकदा गेली की परत येत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये मिरवॅक या विकासक कंपनीच्या समूहाला ती २६ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. कॉमनवेल्थ बँकेचे सुमारे दहा हजार कर्मचारी तिथल्या नव्या इमारतींत आले आणि परिसराचं नाव ‘साउथ ईव्हली’ झालं.

विक्री रोखता आली नाही, तरी लोकांचा दबाव वाया गेला असं म्हणणं चुकीचं ठरेल. वारशाचं जतन आणि लोकांसाठी खुली वाट यांविषयीच्या अटी मालकी हक्काला जोडल्या गेल्या. इंजिनांच्या दालनांत दुकानं आणि कार्यालयं करण्याचे अर्ज आले तेव्हा यंत्रं कुठे राहणार, ती पाहायला मिळणार का, भट्टी चालू राहणार का, यावर तपशीलवार हरकती गेल्या. डागडुजी नीट झाली, यंत्रं जागेवर दिसतात, लोहारकाम चालू आहे. विकासकाने इमारतींवर मन लावून काम केलं, हे मान्य करायला हवं. तरीही जुनी इंजिनं स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणारे स्वयंसेवक आज तिथे नाहीत. इंजिनं जोडण्याच्या मोठ्या दालनात, म्हणजे लार्ज इरेक्टिंग शॉपमध्ये, ‘३८०१’ या प्रसिद्ध वाफेच्या इंजिनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने अनेक वर्षं हेरिटेज गाड्या सांभाळल्या. तिला ती जागा सोडावी लागली. रेल्वेच्या कारखान्यात रेल्वेचं काम उरलं नाही, ही खंत रेल्वेप्रेमी आजही बोलून दाखवतात आणि मला ती पूर्ण रास्त वाटते.

मुंबईतल्या वाचकाला यात गिरणगाव आठवल्याशिवाय राहणार नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे वाटे ठरवले होते. एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. मैदानं आणि कामगारांच्या घरांसाठी येऊ शकणारी कितीतरी एकर जमीन एका शब्दबदलात हातची गेली. १८७९ पासून परळला असलेल्या रेल्वे कारखान्याच्या जागी टर्मिनस करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या कामगारांनी विरोध केला. टर्मिनस हा सार्वजनिक उपयोग आहे आणि मॉल हा नाही, हा फरक आहेच. पण कारखाना हलवला की त्यातलं कसब आणि माणसं कुठे जाणार, हा प्रश्न परळला आणि ईव्हलीला सारखाच लागू आहे.

दक्षिणेच्या या अनुभवामुळे उत्तर ईव्हलीबद्दलच्या मागण्या आता नेमक्या झाल्या आहेत. इमारतीच्या भिंती जपण्याचं आश्वासन लोकांना पुरेसं वाटत नाही, कारण भिंती जपूनही बाकीचं कसं हातचं जातं ते त्यांनी पाहिलं आहे. जमिनीची मालकी सरकारकडेच राहावी आणि गरज असेल तिथे ती भाडेपट्ट्याने द्यावी. परवडणाऱ्या घरांचा वाटा मंजुरीच्या अटीत लिहिलेला असावा आणि त्यात आदिवासी कुटुंबांचा वेगळा हिस्सा असावा. कॅरेजवर्क्सभोवती कलाकारांना झेपेल अशा भाड्याच्या जागा राहाव्यात. मनोऱ्यांची उंची पेंट शॉपच्या छपराशी आणि विल्सन स्ट्रीटवरच्या घरांशी जुळवून ठरावी. रुळांवरचा पूल हरकतींच्या प्रत्येक फेरीत पुन्हा मागितला जातो.