पार्किन्सन आजारातील पचनाच्या तक्रारी

पार्किन्सन (कंपवात) झालेल्या व्यक्तींमध्ये लाळ गळणे, गिळायला त्रास होणे, दोन घासांत पोट भरणे, मळमळ आणि बद्धकोष्ठता या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आढळतात. मेंदूतील डोपामिन (हालचालींसाठी लागणारे संदेशवाहक रसायन) तयार करणाऱ्या पेशी घटल्याने हालचाली मंदावतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हा आजार अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पसरलेल्या चेताजालालाही धरतो. त्यामुळे ‘वय झालं, पोट बिघडणारच’ म्हणून या तक्रारी सोडून देणे योग्य नाही. त्या आजाराचाच भाग आहेत आणि गोळी लागू पडणार की नाही, हेही बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरते.

इंग्लिश डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हाच रुग्णांची आतडी सुस्त असतात आणि पुढे तीव्र रेचके द्यावी लागतात, अशी नोंद केली होती. चेताविकारतज्ज्ञ फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये दाखवलेले प्रथिनांचे पुंजके मेंदूतल्या ज्या भागांत सापडले, त्यांत पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूचे केंद्रही होते. या पुंजक्यांतील मुख्य प्रथिन अल्फा-सिन्युक्लिन आहे, हे कळायला १९९७ साल उजाडले. हेच प्रथिन आतड्याच्या भिंतीतही साचते. त्यावरून जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये असा तर्क मांडला, की काही जणांत आजार आतड्यात सुरू होऊन व्हेगसवाटे मेंदूकडे चढत असावा. तो सर्वांना लागू पडत नाही आणि त्यावर वाद आहे.

बद्धकोष्ठता मात्र कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होऊ शकते. होनोलुलूत जपानी वंशाच्या पुरुषांच्या दीर्घ पाहणीत (२००१), रोज एकदाही शौचाला न होणाऱ्यांमध्ये पुढे पार्किन्सन होण्याचे प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या अडीचपटीहून जास्त आढळले. अर्थात, पोट साफ न होणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. आजारात मोठे आतडे मंद चालते आणि कुंथताना जे स्नायू सैल पडायला हवेत, ते काही जणांत उलट आवळले जातात. त्यात रात्री वारंवार लघवीला उठावे लागते म्हणून अनेक जण पाणीच कमी पितात. अशा वेळी इसबगोल घेतला तर मळ आणखी घट्ट होऊन अडकू शकतो. पाणी वाढवणे, कमोडवर बसताना पायांखाली पाट घेणे, रोज चालणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ करणारी मॅक्रोगोल पावडर, हा क्रम सहसा उपयोगी पडतो. पोट फुगून वात सरणेही बंद झाले आणि उलट्या होऊ लागल्या, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे.

लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून नव्हे, तर गिळण्याची क्रिया कमी होते म्हणून. गिळताना अन्नाचे कण श्वासनलिकेत गेले की न्यूमोनियाचा धोका असतो, आणि कधीकधी ठसकाही लागत नाही. जेवताना आवाज ओलसर, घरघरता होत असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

औषधाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. लेवोडोपा हे पार्किन्सनवरचे मुख्य औषध; ती जठरात नव्हे, तर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषली जाते. जठर संथ रिकामे होत असेल तर गोळी तिथेच पडून राहते आणि ‘गोळी लागायला’ उशीर होतो. शिवाय लेवोडोपा स्वतः एक अमिनो आम्ल असल्याने प्रथिनांच्या पचनातून निघणाऱ्या अमिनो आम्लांशी तिची शोषणासाठी स्पर्धा होते. दुपारी वरण, उसळ, दही असे भरपेट जेवून लगेच गोळी घेतली आणि तासाभराने पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, तर दोष बहुधा वेळेचा असतो, गोळीचा नव्हे. जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तास-दीड तास गोळी घेण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो. प्रथिने बंद करू नयेत. ज्यांना ‘ऑफ’चा (गोळीचा परिणाम ओसरून लक्षणे परत येण्याचा) त्रास होतो, त्यांनी आहारतज्ज्ञांना विचारून ती रात्रीच्या जेवणात जास्त घ्यावीत. लोहाच्या गोळ्याही लेवोडोपापासून लांब ठेवाव्यात. सुरुवातीला मळमळत असेल तर गोळीसोबत साधे बिस्किट चालते.

मळमळ आणि ॲसिडिटीवरची औषधे घेताना फार जपावे लागते. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन मेंदूतही डोपामिनचे काम रोखतात, त्यामुळे कंप आणि ताठरपणा वाढतो. भारतात पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत लेवोसल्पिराइड (हेही डोपामिनचे काम रोखते) असलेल्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. ‘ॲसिडिटीची कॅप्सूल’ म्हणून त्या महिनोन्‌महिने चालू राहतात, आणि आजार नसलेल्या माणसातही पार्किन्सनसारखी लक्षणे निर्माण करू शकतात. औषध थांबवल्यावर ती बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. त्यामुळे कॅप्सूलच्या पट्टीवर मागे बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचायलाच हवेत. मळमळीवरचे डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही म्हणून वापरले जाते, मात्र हृदयाचा आजार असेल तर आधी ईसीजी पाहावा लागतो. शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना शुभंकरांनी (काळजीवाहकांनी) टाळायच्या औषधांची ही दोन-तीन नावे आणि लेवोडोपाच्या वेळा कागदावर लिहून केसपेपरला लावण्यास सांगावे, कारण उलटी थांबवायचे इंजेक्शन बहुधा वॉर्डमध्येच, घाईत दिले जाते.